अधिकाच्या वाणाची दाढ

१

शिवलिंगप्पांच्या जबड्यातून निघालेला स्क्रू माझ्या हातातल्या ट्रेमध्ये टणकन पडला, आणि आमचे स्वानंद सर नुसते ट्रेकडं बघत राहिले. अकरा वर्षं मी सरांच्या शेजारी उभी राहतेय. त्यांचं तोंड एवढं उतरलेलं कधी बघितलं नव्हतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. पडलेल्या दाढेच्या जागी हाडात एक बारका स्क्रू बसवतात. तीन महिने त्याला हात लावायचा नाही. तेवढ्या काळात हाड त्याला चहूबाजूंनी धरतं, मग वर दाढेची कॅप बसते. तीन महिन्यांनी पाना लावला की स्क्रू जागचा हलता कामा नये. शिवलिंगप्पांचा हलला. हलला कसला, गरगर फिरला आणि बाहेरच आला.

शिवलिंगप्पा म्हणजे लोहाऱ्याचे हार्डवेअरवाले, वय एकसष्ट, आवाज दुकानाबाहेरच्या ट्रकपर्यंत पोचेल असा. त्यांनी चूळ भरली, तोंड पुसलं आणि दाराबाहेरच्या बाकाकडं बोट केलं. बाकावर त्यांचे साडू बसले होते, बेंबळीचे बसवराज. दोघांनाही एकाच दिवशी, एकाच खुर्चीत स्क्रू बसवला होता.

"त्याचा बसलाय का पक्का?"

"हो. आत्ताच बघितला. चांगला धरलाय," सर म्हणाले. सरांना वेळेवर खोटं बोलता येत नाही, ही त्यांची खोडच आहे.

"मग बदलला तुमी! असली माल साडूला, डुप्लिकेट मला. डॉक्टर, हार्डवेअरचा धंदा हाय माझा. स्क्रू मला नका शिकवू."

सरांनी शांतपणे सांगितलं की प्रत्येक स्क्रू सीलबंद डब्यात येतो, डब्यात नंबराचं स्टिकर असतं आणि ते पेशंटच्या फाईलला चिकटवलेलं असतं. "अक्षरा, अप्पांची फाईल आण."

अक्षरानं फाईल आणली. स्टिकरची जागा कोरी होती.

"बगा!" शिवलिंगप्पा खुर्चीतून उठलेच. "सोमवारपर्यंत मला जवाब पाहिजे. न्हायतर लोहाऱ्यापासून उमरग्यापर्यंत एक माणूस तुमच्या दवाखान्याची पायरी चढणार न्हाय. त्या दिवशी डबे कुणी फोडले होते?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. अक्षरानं माझ्याकडं बघितलं. डबे मीच फोडले होते.

२

माझं नाव वर्षाराणी. राणी वडिलांनी हौसेनं जोडलं, राज्य काही मिळालं नाही. धाराशिवच्या या दवाखान्यात जे मिळालं तेच माझं राज्य होतं: औजारांचं कपाट, स्टोअरची किल्ली आणि फोन.

त्यातला फोन आषाढात गेला. अक्षरा आली ना! पंचवीस वर्षांची, नावापुढं डॉक्टर, बोलणं असं की साखर लाजावी. आधी दर पेशंटला पाचव्या दिवशी मी फोन करायचे. ताप आहे का, सूज उतरली का, टाका सुटला का, सुजेच्या गोळ्या बंद केल्या का, गुळण्या चालू आहेत का. लोक मला नावानं ओळखायचे, कुणी हुरडा पाठवायचं, कुणी चिंचा. सर म्हणाले, "ताई, हे आता अक्षरा करेल, तुम्हाला तेवढाच आराम." आराम! माझा नुसता जळफळाट झाला. महिन्याभरात जो तो "नव्या मॅडम कुठं आहेत" विचारायला लागला. मग मीही ठरवलं. फोन उचलायला लागलाच तर उचलायचा आणि सांगायचं, आता नव्या म्याडमलाच विचारा. आणि ठेवून द्यायचा.

मत्सर वाईट, हे मलाही कळतं. पण पोटात दुखायला लागलं की कळून काय उपयोग?

तर त्या शुक्रवारी सगळे गेल्यावर सरांनी मला आत बोलावलं. "ताई, मी तुमच्यावर संशय घेत नाहीये."

म्हणजे घेत होते.

"पण सोमवारी त्यांना काहीतरी उत्तर द्यावं लागेल. नाही देता आलं तर स्टोअर अक्षराकडं द्यावं लागेल. मग तुमचं... बघू."

सरांचं 'बघू' मी अकरा वर्षं ऐकतेय. मागची दोन माणसं त्या 'बघू'नंतर परत दिसली नाहीत. चाळिशी ओलांडल्यावर, चोरीचा ठपका घेऊन मला या गावात कोण उभं करणार होतं? माझ्याकडं दोन दिवस होते. आणि खरं सांगते, मनात देवाला एकच साकडं होतं, की चूक अक्षराची निघू दे.

३

शनिवारी सकाळी मी दोन्ही फाईली घेऊन बसले.

आधी हे दोन साडू आमच्याकडं आले कसे ते सांगायला पाहिजे. त्या वर्षी अधिक श्रावण होता. धोंड्याचा महिना, म्हणजे जावयांचा मान. दोघांच्या सासूबाई द्वारकाबाई, ऐंशीच्या घरातल्या, इथंच धाराशिवात राहतात. त्या दोन्ही जावयांना पुढं घालून दवाखान्यात आल्या आणि काउंटरवर काठी आपटून म्हणाल्या, "दोघांची एक-एक दाढ पडली. चांदीची ताटं देऊन काय करू, त्यात अनारसा मोडायला दाढ नको व्हय? दोघांना सारखी दाढ बसवा. एकाला जास्त, एकाला कमी झालं, तर माझ्या पोरी मला जगू द्यायच्या न्हायत." अधिकाचं वाण म्हणून जावयाला दाढ देणारी सासू मी पहिल्यांदाच बघितली.

दोघांचीही खालची दाढ, एकाची डावी, एकाची उजवी. एकच सर, जंतू मारायच्या वाफेच्या एकाच यंत्रातून, ऑटोक्लेव्हमधून, निघालेली औजारं. औजारांसोबत आत ठेवलेली तपासणीची पट्टी मी वहीत जपून ठेवते. तिचा रंग व्यवस्थित बदललेला होता. म्हणजे जंतूंचा प्रश्न नाही.

आता स्टिकर. शिवलिंगप्पांच्या फाईलमध्ये एकही नाही. बसवराजांच्या फाईलमध्ये मात्र मागच्या पानावर स्टिकर ओळीनं लावलेले. मी मोजले. चार.

एका डब्यात दोनच स्टिकर येतात, एक फाईलला, एक पेशंटच्या कार्डाला. चार आले म्हणजे दोन डब्यांचे. चारींवर एकच कंपनी, एकच माप, एकच बॅच नंबर. दोघांचे स्क्रू जुळ्या भावांसारखे सारखे होते. कुणी काही बदललं नव्हतं, आणि बदललं असतं तरी काडीचा फरक पडला नसता.

"अक्षरा म्याडम," मी गोड आवाजात हाक मारली, "हे स्टिकर कुणी लावले हो?"

ती आली, बघितलं आणि तिचा चेहरा पडला. "मीच, ताई. सगळे सारखेच दिसले. मला वाटलं एकाच डब्यातले आहेत."

देवा, काय गार वाटलं म्हणून सांगू! पण तो गारवा पाच मिनिटंसुद्धा टिकला नाही. स्टिकर चुकीच्या फाईलला लागल्यानं हाड स्क्रू सोडत नाही. माझ्यावरचा चोरीचा आळ गेला, पण शिवलिंगप्पांना द्यायचा जवाब काही हाती आला नाही. सोमवारी ते म्हणणार, स्टिकर तुमचेच, फाईल तुमचीच, कधीही चिकटवा.

सर म्हणाले, "स्क्रू सारखा, हात सारखा, तरी एक धरला, एक नाही. मग फरक माणसात असणार. अप्पांना साखर नाही, मी रक्त तपासलं होतं. विडी-तंबाखू नाही. उलट बसवराज तंबाखू मळतात. निघायचाच होता तर त्यांचा निघायला हवा होता."

फाईली मिटताना आणखी एक गोष्ट दिसली. दोन्ही फाईलींवर फोन नंबर एकच होता, आणि तो शिवलिंगप्पांच्या घरचा नव्हता.

४

तो नंबर बसवराजांच्या बायकोचा, उमादेवींचा निघाला. दुपारच्या एसटीनं मी बेंबळीला गेले.

बसवराज ओसरीवर तंबाखू मळत बसले होते. मला बघून त्यांनी मूठ मागं लपवली. साठीतला बागाईतदार माणूस, पण चेहरा शाळेत पकडलेल्या पोरासारखा.

"सोडली की हो बाई. ही शेवटची."

"ते तुम्ही सरांना सांगा. मला एवढंच सांगा, स्क्रू बसवल्यावर तुम्हाला किती त्रास झाला?"

"इचारू नका!" उत्तर आतून आलं. उमादेवी पदर खोचत बाहेर आल्या. लहान बहीण, बोलायला मात्र दहा जणींना भारी. "गालाचा भोपळा झाला होता. गोळ्यांनी पोटात आग पडली म्हणून चार गोळ्या खाऊन बाकीच्या फेकून दिल्या. तुमच्या त्या नव्या मॅडमला इचारून साधी तापाची गोळी दिली, गार पाण्याची पट्टी ठिवली. आठ दिवस बेजार झाले हे. अन् तसल्यात तिसऱ्या दिवशी अव्वाकडं धोंड्याचं जेवण!"

त्यांनी मोबाईलवर फोटो दाखवला. पाटावर दोन जावई, पुढं ताटं, मधे अव्वा, म्हणजे उमादेवींची आई द्वारकाबाई. बसवराजांचा एक डोळा सुजेनं अर्धा मिटलेला. शेजारी शिवलिंगप्पा नवरदेवासारखे हसत बसलेले, गाल पाटासारखा सपाट.

"हे एवढं सुजलंय आणि त्यांना काहीच नाही?" मी विचारलं.

"तेच तर!" बसवराजांना आता कढ आला. "सगळ्या पंगतीत म्हणतो कसा, 'साडू, तुझं हाड कच्चं. मला तर मुंगी चावल्यागतबी झालं न्हाय.' अनारसा कडाकडा मोडून खाल्ला माझ्यासमोर. सासूबाई बी म्हणल्या, थोरले जावई घट्ट हायत. म्या मान खाली घालून वरणभात चिवडला."

"अन् आता त्येंचा निघाला, ह्येंचा बसला," उमादेवी म्हणाल्या. त्यांना झालेला आनंद लपत नव्हता.

मी म्हटलं, "दोन्ही फाईलींवर तुमचा नंबर कसा?"

"अव्वानं सांगितला असंल. तिला माझाच नंबर पाठ हाय." हे सांगताना मान जरा ताठ झालीच. "पाचव्या दिवशी मॅडमचा फोन आला की मला. म्हणल्या, सुजेच्या गोळ्या आजपासून दोघांनी बी बंद करा, तिकडं बी सांगा."

"मग सांगितलं?"

उमादेवींनी बसवराजांकडं बघितलं, बसवराजांनी चंचीकडं.

"कशापायी सांगू?" त्या शेवटी म्हणाल्या. "आमची थोरली अक्का भर पंगतीत म्हणली, 'तुझ्या नवऱ्याचंच बाई लई कौतुक, आमच्यांनी गोळी हातात बी धरली न्हाय.' जो गोळी खातच न्हाय, त्याला बंद कर म्हणून काय सांगायचं?"

परतीच्या एसटीत मी तो फोटो डोळ्यांपुढून घालवू शकले नाही. अकरा वर्षांत मी शेकडो गाल बघितलेत. तिसऱ्या दिवशी थोडा तरी फुगतोच. असा सपाट गाल आपोआप राहत नाही. गोळी हातात न धरणाऱ्या माणसाचा तर नाहीच नाही.

५

रविवारी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून लोहारा गाठलं. शिवलिंगप्पा घरी नव्हते, तेच बरं झालं. प्रेमाबाईंनी दार उघडलं. उमादेवींची थोरली बहीण, अंगानं बारीक, कपाळाला विभूती.

"उमीकडं आधी गेलतात म्हणं," त्यांचा पहिला शब्द हा. "बरोबर हाय. अव्वाला बी उमीच आधी."

चहा आला. कपाटावर औषधांची रांग लागली होती, तिकडं माझी नजर गेली.

"एवढी औषधं अप्पांची?"

"काय सांगू सिस्टर! श्रावणापासून ह्येंच्या छातीत जळजळ. गॅसची गोळी सुरू केली. मंग बीपी वाढलं, गोळी वाढवली. आता सांजच्याला पाय सुजत्यात, चप्पल बसंना. साधं पाडव्याला देवदर्शनाला चालले, तर दम लागला."

जळजळ, बीपी, पायांना सूज. आणि हे सगळं श्रावणापासून. मी हातातला कप खाली ठेवला. "प्रेमाबाई, अप्पांनी आमच्या गोळ्या किती दिवस खाल्ल्या?"

"आमचे हे गोळ्या खातच..." असं सुरू करून त्या थांबल्या. दाराकडं बघितलं. मग उठल्या आणि बिस्किटांचा जुना डबा आणला.

आमच्याकडं एक रीत आहे, शहरातल्यांना कळायची नाही. गोळ्या संपल्या की रिकामं पाकीट फेकायचं नाही. ते मेडिकलवर न्यायचं, काउंटरवर ठेवायचं आणि म्हणायचं, "हेच द्या." चिठ्ठीवर पाच दिवस लिहिलंय का पन्नास, कोण बघतंय? प्रेमाबाईंच्या डब्यात रबर लावून ठेवलेली रिकामी पाकिटं होती. मी मोजली. तेरा. एका पाकिटात दहा, दिवसाला तीन.

सहा आठवडे!

"अहो, कशासाठी?"

"धोंड्याच्या जेवणाला गाल सुजलेला दिसू नये म्हणून आदल्या दिवशी दोन जादा खाल्ल्या. हितवर ठीक. मंग जरा ठणकलं की खायचे. साडूला कळता कामा नये ना! त्यात गुडघे बी दुखायचे थांबले, मंग काय, चालूच. जळजळ लई वाढली तवाच थांबले." प्रेमाबाईंनी डोळ्याला पदर लावला. "म्या म्हणलं, चुकीचं होतंय का बगा. म्हणून सहाव्या दिवशी तुमच्याच दवाखान्यात फोन केला. इचारलं, गोळ्या संपल्या, ह्याच पुढं चालू ठेवू का?"

मी सरसावून बसले. आनंदानंच! फोन आता अक्षराकडं होता. सापडली! स्टिकर राहू द्या, ही खरी चूक. "मग? कुणी उचलला? काय म्हणाली ती?"

"बाईमाणूस होती. लई तिरसट. म्हणली, 'आता मला कशाला विचारता, नव्या म्याडमला विचारा,' अन् खाडकन ठिवला. मंग आमी म्हणलं, नको तर म्हणली न्हाय ना. चालू ठिवल्या."

मी पाकिटांना परत रबर लावायला घेतलं.

प्रेमाबाईंनी माझ्याकडं निरखून बघितलं. "आवाज जरा तुमच्यावानीच होता बगा. पर तुमी न्हाय, तुमी किती चांगल्या बोलता."

६

सोमवारी दहा वाजता सगळे दवाखान्यात हजर. दोन साडू बाकाच्या दोन टोकांना, दोघी बहिणी एकमेकींकडं पाठ करून, मधे काठी धरून द्वारकाबाई. सर उभे, अक्षरा कोपऱ्यात.

मी टेबलावर आधी चार स्टिकर ठेवले आणि समजावून सांगितलं. शिवलिंगप्पांनी चष्मा लावून नंबर चारदा ताडून बघितले. हार्डवेअरवाला माणूस, त्यांना पटलं. "मग निघाला कशानं?" ते गुरगुरले.

मी बिस्किटांचा डबा उघडला.

पाकिटं बघून त्यांचा आवाज एकदम बसला. प्रेमाबाईंकडं असं बघितलं की जणू त्यांनी घरची तिजोरी चौकात मांडली.

"तेरा पाकिटं," मी म्हटलं. "अप्पा, तुम्हाला दुखत नव्हतं असं नाही. तुम्हाला दुखताना साडूंनी बघायला नको होतं."

बसवराज तोंड उघडं टाकून बघत राहिले. "म्हणजे तुला बी दुखत होतं?"

"तुझ्याहून जास्त," शिवलिंगप्पा कसंबसं बोलले.

सर पुढं आले. "अप्पा, सूज म्हणजे नुसता त्रास नसतो. हाडाला जखम झाली की शरीर आधी तिथं सूज आणतं, आणि त्यातूनच नवं हाड भरायचा हुकूम सुटतो. ही गोळी सुजेला गप्प करते, म्हणून दुखणं थांबतं. चार-पाच दिवस घेतली तर सहसा काही बिघडत नाही, मीच लिहून देतो. पण सहा आठवडे रोज तीन घेतल्या, तर तो हुकूमही दबून जात असावा."

"म्हणजे गोळ्यांनीच निघाला?"

"शपथेवर नाही सांगणार. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हाड कमी भरलेलं दिसलंय. माणसांच्या बाबतीत अजून एकमत नाही, कुणी हो म्हणतं, कुणी नाही. शंभरातले दोन-चार स्क्रू काही कारण नसतानाही निघतात. पण तुमच्या दोघांत मला हा एकच मोठा फरक सापडतो. आणि ती जळजळ, बीपी, पायांची सूज, तीही याच गोळ्यांनी मागं ठेवलेली असू शकते. आज आधी रक्त तपासा, किडनी बघू. दाढ नंतर."

किडनीचं नाव निघताच प्रेमाबाईंना रडू फुटलं. "म्या सहाव्या दिवशी हितं फोन करून इचारलं होतं, एका बाईनं तिरसट बोलून ठिवला." उमादेवी पाठ वळवून बसल्या होत्या, त्या हळूच फिरल्या. "अक्का, मला फोन आलता, बंद करा म्हणून. म्याच सांगितलं न्हाय."

द्वारकाबाईंनी काठी उचलून आधी एका जावयाकडं, मग दुसऱ्याकडं, मग दोन्ही मुलींकडं रोखली. "दोघांना सारखं दिलं, तरी चौघं जळले! म्या काय दाढा दिल्या का निखारे?"

मग सरांनीच तो प्रश्न विचारला, ज्याची मी काल लोहाऱ्यापासून वाट बघत होते. "प्रेमाबाईंनी सहाव्या दिवशी फोन केला होता. तो कुणी घेतला?"

सगळ्यांची मान अक्षराकडं वळली. फोन तिचाच होता ना. प्रेमाबाईंना आवाज ओळखता येत नव्हता. मी एक शब्द न बोलता उभी राहिले असते, तर माझं स्टोअर, माझी किल्ली, कदाचित फोनसुद्धा परत माझ्याकडं आला असता. दोन दिवसांपूर्वी देवाकडं मी हेच तर मागितलं होतं.

अक्षराचे डोळे भरले. "सर, मला आठवत नाही. मी असं बोलले नसेन असं वाटतं. पण गर्दीत... कदाचित मीच असेन. सॉरी."

ती खोटं बोलत नव्हती. ती खरोखर आठवून बघत होती, आपली चूक शोधत होती. आषाढापासून मी तिची चूक शोधत होते आणि ही पोरगी माझी चूक आपल्या अंगावर घ्यायला निघाली होती.

"ती नव्हती," मी म्हणाले. "फोन मी उचलला. मला ठाऊक होतं काय सांगायचं ते. अकरा वर्षं हेच सांगत आलेय. पण लोक हिला विचारायला लागले याचा मला राग होता. म्हणून नाही सांगितलं."

शिवलिंगप्पा काहीतरी बोलणार होते. पण टेबलावरच्या पाकिटांकडं बघून त्यांनी तोंड मिटलं. सरांनी चष्मा काढून पुसला, आणि पुसतच राहिले.

७

सगळे गेल्यावर मी स्टोअरची किल्ली सरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती खणात टाकली. 'बघू' म्हणाले नाहीत. त्यांनी वेगळंच विचारलं.

"ताई, आषाढापासून असं तुम्ही किती जणांना म्हणालात?"

मला सांगता येईना. खरंच येईना. पाच? पंधरा? मी मोजलंच नव्हतं, कारण मला ते महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

अक्षरा फाईलींचा गठ्ठा घेऊन आली. आषाढापासून स्क्रू बसवलेले सतरा पेशंट. पाचव्या दिवशी फोन झाला की ती कोपऱ्यात बरोबरची खूण करते. तीन फाईलींवर खूण नव्हती, 'लागला नाही, ते करतील' एवढंच लिहिलं होतं. तिनं फोन माझ्यापुढं सरकवला. "ताई, तुमचा आवाज त्यांना ओळखीचा आहे. तुम्हीच लावा."

पहिल्या बाईंनी गोळ्या कधीच बंद केल्या होत्या. दुसऱ्यांनीही. तिसरा नंबर ढोकीच्या कारखान्यातल्या कुलदीप नावाच्या तरुण माणसाचा. दसऱ्यानंतर स्क्रू बसवलेला, महिना होत आला होता. मागून ट्रॅक्टरांचा आवाज येत होता.

"सुजेच्या गोळ्या?" तो ओरडून म्हणाला. "चालूच हायत की! म्या फोन केलता तुमच्याकडं, कुणीतरी म्हणलं नव्या मॅडमला विचारा. मॅडम जेवायला गेल्या होत्या. बंद करायच्या होत्या व्हय?"

"हो. आत्तापासून बंद. एकसुद्धा खायची नाही. दुखलं तर आधी इकडं फोन करा, आणि उद्या सकाळी दाखवायला या."

"बरं. कुणी सांगितलं म्हणून सांगू? कोण बोलतंय?"

अक्षरा माझ्याकडं बघत होती. दाराशी सरही येऊन उभे राहिले होते.

"वर्षाराणी बोलतेय," मी म्हणाले. "त्या दिवशी तुमचा फोन मीच उचलला होता."